एकाच जातीच्या उसावर भिस्त ठेवू नका

सभासद बंधू-भगिनींनो,



लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की गट ऑफिसात एकच प्रश्न कानावर येतो, "साहेब, यंदा टनेज कुठल्या जातीला जास्त?" उत्तर मिळाले की वाडीच्या वाडी तीच जात लावते. एकाने लावली, ऊस चांगला दिसला, शेजाऱ्याने त्याच फडातले बेणे नेले, त्याच्याकडून पाहुण्याने नेले. दोन-चार वर्षांत नोंदवहीची पाने उलटावीत तर पानोपानी एकच नंबर. यात कोणा एकाचा दोष नाही. ज्याचे त्याने आपले हित पाहिले. परंतु सर्वांनी मिळून एकच जात धरली की सर्वांचा धोकाही एकच होतो. या अंकात त्याचाच विचार करू.

एक जात म्हणजे एकच ऊस

ज्वारी, बाजरी आपण बियाण्यापासून घेतो. गावरान बाजरीच्या शेतात दोन ताटे अगदी सारखी नसतात. एखादे उंच, एखादे लवकर निसवणारे, एखादे रोगाला दाद न देणारे. उसाचे तसे नाही. ऊस आपण टिपरीपासून लावतो. टिपरीचा डोळा फुटून जो ऊस येतो तो त्याच मूळ उसाचा तुकडा असतो, त्याचे पोर नव्हे. म्हणजे को ८६०३२ ही जात आज कितीही जिल्ह्यांत उभी असली तरी ती कोईमतूरला निवडलेल्या एका रोपाचीच वाढ आहे. सर्वांचे रक्त एक, गुण एक आणि दुबळेपणाही एक.

रोगाची बुरशीसुद्धा सजीव आहे. तीही बदलत असते. आज एखादी जात रोगाला दाद देत नाही म्हणून उद्याही देणार नाही असे नसते. बुरशीचा नवा प्रकार तयार झाला आणि त्याला त्या जातीत शिरायची वाट सापडली, की एका फडात जे घडते तेच प्रत्येक फडात घडू शकते. मध्ये दुसऱ्या रक्ताचा ऊस असला तर रोगाचा रेटा तिथे अडतो. पिकांतली, जनावरांतली, झाडांतली ही जी रक्ताची विविधता, तिलाच शास्त्रज्ञ अनुवंशिक विविधता म्हणतात.

आपल्या उसात रक्त कुणाचे?

कोईमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. आपण जातीच्या नंबराआधी 'को' म्हणतो तो या कोईमतूरचा. तिथे डॉ. बार्बर आणि पुढे सर टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, रसाळ उसाचा संकर कशाशी केला असेल? नदी-ओढ्याच्या काठी पांढरे तुरे काढणाऱ्या काश नावाच्या रानटी गवताशी. त्या गवतात साखर जवळजवळ नाही, कांडी बोरूसारखी. शेतात आले तर आपण खणून फेकू. पण त्याच्यात काटकपणा होता, पाण्याचा ताण आणि रोग सोसण्याची ताकद होती. या संकरातून को २०५ ही जात निघाली आणि १९१८ साली पंजाबात लागणीसाठी दिली गेली. आज आपण ज्या जाती लावतो त्यांच्यातला गोडवा रसाळ उसाचा आणि खोडव्याची फूट व काटकपणा बराचसा या रानटी सोयऱ्याचा.

जावा बेटावर तेच घडले होते. तिथे १८८० नंतर 'सेरे' नावाच्या रोगाने उसाची दैना केली. रानटी रक्त आणून संकर करत करत १९२१ साली तिथे पीओजे २८७८ ही जात तयार झाली. ती इतकी गाजली की दख्खनच्या कालव्यांवरही येऊन पोचली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'पीओजे' हे नाव अजून आढळेल.

सांगायचे इतकेच, की रानटी गवत जर कुणी निरुपयोगी म्हणून समूळ संपवले असते तर हा ऊस झाला नसता. म्हणूनच देशोदेशींचे आणि रानटी ऊस केरळात कण्णूर येथील केंद्रावर लावून जपले आहेत. जगातल्या उसाच्या दोन मोठ्या संग्रहांपैकी तो एक आहे. दुसरा अमेरिकेत फ्लोरिडाला आहे.

गादीवर बसलेल्या आणि उतरलेल्या जाती

आपल्या भागाचा इतिहास पाहा. कालव्याच्या पहिल्या काळात पुंड्या ऊस होता. मग पीओजे आला. नंतर को ४१९ आला. प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ साली झाले, त्या काळी दख्खनमध्ये को ४१९ चे राज्य होते. त्यानंतर को ७४० ने सगळे शिवार व्यापले. ७४० ही गुणाची जात, पण पुढे काणी आणि गवताळ वाढ या रोगांना ती बळी पडू लागली. मग को ७२१९ (संजीवनी), कोएम ७१२५ (संपदा), कोसी ६७१, को ८०१४ (महालक्ष्मी) अशा जाती आल्या. नव्वदनंतरच्या काळात को ८६०३२ (नीरा) आली आणि २००७ साली पाडेगाव संशोधन केंद्राची कोएम ०२६५ म्हणजे आपली फुले २६५ आली.

यातली एकही जात कायमची टिकली नाही आणि टिकणारही नाही. पण प्रत्येक वेळी जुनी उतरली तेव्हा हाताशी दुसरी होती, म्हणून कारखान्यांची धुराडी बंद पडली नाहीत. ती दुसरी जात काही आभाळातून पडली नव्हती. कोईमतूर, पाडेगाव, पुढे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट येथे माणसांनी जुने-नवे ऊस जपून ठेवले होते, त्यातून ती निघाली. संकर केल्यापासून जात शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. रोग आल्यावर जात शोधायला निघालो तर तोवर दोन पिढ्यांची देणी थकतील.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कोसी ६७१ ही साखरेला फार उत्तम जात. पण गुजरात व तामिळनाडूत तिला लाल कूज रोगाने गाठले. म्हणून कुणी ती फेकून दिली काय? नाही. को ८६०३२ चे आई-बाप म्हणजे को ६२१९८ आणि हीच कोसी ६७१. पडलेल्या जातीच्या पोटी पुढचा कर्ता निपजला. जात लागणीतून गेली तरी संग्रहातून जाता कामा नये, ते यासाठी.

उत्तर प्रदेशाचा धडा

१९३८ ते १९४० या काळात पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये को २१३ ही जात सर्वदूर होती. लाल कूज आली आणि फडच्या फड वाळले. ही झाली जुनी गोष्ट. आता नवी ऐका.

कोईमतूर संस्थेच्या कर्नाल केंद्राने को ०२३८ ही जात काढली आणि २००९ साली ती उत्तरेसाठी प्रसारित झाली. टनेजही भरपूर, साखरही भरपूर. उत्तर प्रदेशाचा उतारा ११ टक्क्यांच्या पुढे गेला. शेतकरी खूश, कारखानदार खूश. दहा वर्षांत त्या राज्यातले सुमारे ८० टक्के ऊस क्षेत्र या एका जातीखाली आले. मग लाल कुजीच्या बुरशीचा नवा प्रकार तिच्यावर उलटला. पूर्व भागातून रोग पसरत गेला. शेवटी नव्या लागणीला ही जात लावू नका, को ०११८, कोलख १४२०१, को १५०२३ अशा जाती लावा, असे सांगत फिरायची पाळी तिथल्या ऊस खात्यावर आली. जात वाईट होती म्हणून हे घडले नाही. जात चांगली होती, म्हणून सर्वांनी तीच लावली, आणि म्हणून घडले.

आता कुणी म्हणेल, ती उत्तरेची गोष्ट, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो भावकीचा आहे. को ०२३८ चा बाप को ७७५. आणि आपल्या ८६०३२ चा बाप जो कोसी ६७१, त्याचा बापही को ७७५ च. आई ऑस्ट्रेलियातली क्यू ६३. म्हणजे को ०२३८ चा जो बाप, तोच आपल्या ८६०३२ चा आजा. याचा अर्थ उद्या ८६०३२ पडणार असा मुळीच नाही. दोन भावांची प्रकृती वेगळी असू शकते. पण नंबर वेगळा म्हणून रक्त वेगळेच असेल, असे धरून चालू नये हे यावरून समजावे. आपल्याकडे लाल कूज उत्तरेइतकी माजलेली नाही. आपली डोकेदुखी काणी, गवताळ वाढ आणि तांबेरा ही आहे. तरीही सावध राहावे. उसाचे वरून तिसरे-चौथे पान पिवळे पडून वाळत असेल तर ऊस उभा चिरून पाहा. आत लाल गर, त्यात आडवे पांढरे पट्टे आणि दारूसारखा आंबूस वास आला तर ताबडतोब गट ऑफिसला कळवा. तो ऊस बेण्याला कोणालाही देऊ नका.

इतर पिकांतही तेच

अमेरिकेत १९७० साली मक्यावर करपा आला. तिथल्या बहुतेक संकरित मक्यात आईकडून आलेले रक्त एकाच प्रकारचे होते. एका हंगामात देशाच्या मक्याचे सुमारे १५ टक्के पीक गेले.

भाताचे उदाहरण याच्या उलट. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत एका विषाणू रोगावर उपाय म्हणून हजारो वाण तपासले. रोगाला टिकणारा नमुना मिळाला तो एकच, आणि तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानटी भाताचा. त्याचे रक्त घेऊन आयआर ३६ सारख्या जाती तयार झाल्या आणि आशियाभर पिकल्या.

आपल्या घरचेच पाहा. रब्बीची मालदांडी ३५-१ ज्वारी मोहोळ केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडलेली. भाकरीला आणि कडब्याला अजून तिचे नाव निघते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भाजीपाला यांचे गावरान बी मडक्या-कणगीतून जपले. त्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळा न शिकलेल्या बाईने केलेले हे काम मोठमोठ्या संस्थांच्या तोडीचे आहे.

गोठ्यात आणि बांधावर

कारखान्याच्या काट्यावर बैलगाड्यांची रांग लागते त्यात अजून खिल्लार बैल दिसतो. उन्हात, ओझ्याखाली टिकणारे असे जनावर तयार व्हायला शेकडो वर्षे लागली. दुधासाठी संकरित गाय जरूर पाळा, त्यावर घर चालते हे मी जाणतो. पण दावणीची चांगली खिल्लार गाय असेल तर तिला खिल्लार वळूच दाखवा, किंवा खिल्लार वळूचेच रेतन मागून घ्या. पंढरपुरी म्हशीचेही तसेच. तलवारीसारखी लांब शिंगे, कमी वैरणीवर आणि कडक उन्हात निभाव, आणि कुठेही उभी करून धार काढता येते असा स्वभाव. कोल्हापुरात गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकण्याची चाल पडली ती अशा म्हशींच्या जिवावर. हे गुण एकदा गेले की विकत मिळत नाहीत.

बांधावरच्या झाडांचा विचारही असाच करावा. १९८० च्या सुमारास सुबाभळीचा फार गाजावाजा झाला. लावा म्हणून सांगितले, लोकांनी लावली. पुष्कळ देशांत पसरलेल्या सुबाभळीचे मूळ फार थोड्या झाडांत होते. शेंड्याचा रस शोषणारी सिलिड नावाची बारीक कीड देशोदेशी पसरत १९८८ साली भारतात आली आणि कोवळे शेंडे करपले. आपली रामकाठी बाभूळ मात्र सरळ उंच जाते, पिकावर सावली कमी धरते, आणि बाभळीचे लाकूड औताला नि गाडीला उपयोगी. ती बांधावरून हद्दपार होऊ देऊ नका. रायवळ आंब्याची जुनी झाडे तोडण्यापूर्वी त्यांच्या कोयीची रोपे तरी करा. केशरचे कलम बांधायला खुंट रायवळचाच लागतो.

अडचण कोठे आहे?

हे सारे पटले तरी सभासद विचारतो, "मी एकट्याने कमी टनाची जात का लावू?" प्रश्न रास्त आहे. उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. एखाद्याच्या उसात साखर जास्त असली तरी त्याला वेगळा दर मिळत नाही. साहजिकच जो तो टनाकडे बघतो. कारखान्याला हंगामाच्या सुरुवातीला लवकर पिकणारा ऊस हवा असतो, सभासदाला वजनाचा. फुले २६५ वरून जागोजागी जी ओढाताण झाली ती यातूनच. चोपण, क्षारपड जमिनीत हीच जात तग धरते, तेव्हा तिला सरसकट नावे ठेवणेही बरोबर नाही. आणि तीच सगळीकडे लावणेही बरोबर नाही.

एकट्या शेतकऱ्याला हा हिशेब सुटत नाही, पण सहकारात तो सुटू शकतो. आगीचा विमा आपण घर जळेल म्हणून उतरवतो, जळावे म्हणून नव्हे. वेगवेगळ्या जाती हा गावाने मिळून उतरवलेला विमा आहे. त्याचा हप्ता म्हणजे थोड्या क्षेत्रावर थोडे कमी टनेज. लवकर पिकणाऱ्या जातीला तोडणीच्या कार्यक्रमात आधी पाळी मिळाली, रान लवकर मोकळे होऊन गहू-हरभरा साधला, तर तो हप्ताही बराचसा भरून निघतो. ही पाळी काटेकोर पाळली जावी, असा शेती विभागाचा आग्रह राहील. सभासदांनीही त्याबाबत आम्हाला जाब विचारावा.

सभासदांनी काय करावे?

१) दोन एकर किंवा त्याहून जास्त ऊस असणाऱ्याने किमान दोन जाती लावाव्यात. निम्म्याहून जास्त क्षेत्र एका जातीखाली ठेवू नये. ज्याचा ऊस थोडा आहे त्याने शेजाऱ्याशी बोलून जात ठरवावी, म्हणजे शिवारात तरी फरक राहील.

२) जात हंगाम आणि जमीन पाहून निवडावी. लवकर तुटणाऱ्या उसासाठी को ९४०१२ (फुले सावित्री) किंवा कोसी ६७१ सारखी साखरेची जात, क्षारपड रानात फुले २६५, खोडवा चांगला धरायचा असेल तर ८६०३२. नव्या शिफारशीतील जाती आधी पाच-दहा गुंठ्यांत लावून पाहाव्यात.

३) 'जात बिघडली' म्हणण्याआधी बेणे तपासा. वर्षानुवर्षे खोडव्यातले किंवा तुटायला आलेल्या जुन्या फडातले बेणे वापरले की टिपरीतून रोग पुढे जातो आणि फूट कमी होते. हा दोष जातीचा नव्हे, बेण्याचा. बेणे मळ्यातले, ९ ते ११ महिन्यांचे, उष्ण प्रक्रिया केलेल्या मूळ बेण्यापासून वाढवलेले घ्यावे आणि तीन-चार वर्षांनी बदलावे.

४) नवी जात हवी म्हणून परप्रांतातून पोत्यात घालून टिपऱ्या आणू नयेत. एका टिपरीतून अख्ख्या तालुक्याला रोग येऊ शकतो. विविधता हवी, पण ती संशोधन केंद्राच्या दारातून यावी.

५) कोणाकडे पुंड्या, को ४१९, को ७४० किंवा ओळख न पटणारा जुना ऊस परसात, विहिरीकाठी टिकून असेल तर तो काढून टाकण्यापूर्वी कळवावे. आम्ही येऊन पाहू, निरोगी असेल तर कारखान्याच्या बेणे मळ्यात त्याच्या दोन सऱ्या लावू आणि संशोधन केंद्राला माहिती देऊ. देणाऱ्याचे नाव त्या सरीवर पाटी लावून लिहू.

६) नोंद देताना जातीचे नाव खरे द्यावे. काही ठिकाणी चिटबॉयला अंदाजाने नंबर सांगितला जातो. जात कोणती व किती, हेच ठाऊक नसेल तर धोका कुठे वाढतो आहे ते आम्हाला कळणार कसे?

या हंगामात प्रत्येक गटात नोंदीच्या वेळी गावाच्या एकूण क्षेत्राची जातवार यादी फळ्यावर लावण्यात येईल. आपल्या गावात एका जातीखाली किती क्षेत्र गेले आहे ते प्रत्येकाने उभे राहून वाचावे आणि मगच आपली नोंद द्यावी. बेण्याची मागणी शक्यतो लागणीच्या दोन महिने आधी गट ऑफिसात लेखी द्यावी, म्हणजे हवी ती जात हवी तितकी देता येईल. काही शंका असल्यास बांधावर बोलवा, आम्ही येऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेती विभाग